मी ताराबाईंना आणायला गेले नव्हते

सुरुवातीलाच माफी मागते. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शिवाय ही वही मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते, तेव्हा कुठे तेलाचा डाग दिसला तर समजून घ्यावे.

आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळात रिवाज आहे की परगावी जाऊन आलेल्या बाईने पुढच्या गुरुवारी उभे राहून साक्ष द्यायची. काय पाहिले, कोण भेटले, देवाने कसे सांभाळले. मला भोपाळहून येऊन आठ महिने झाले, पण मी उभी राहिले नाही. चार माणसांसमोर उभे राहिले की माझ्या घशात आवळा अडकतो. पाळकबाई म्हणाल्या, बोलता येत नसेल तर लिही. म्हणून लिहिते. कोणाला दाखवायचे की नाही ते अजून ठरवलेले नाही.

आधी मुठीची पद्धत सांगायला हवी. आम्ही रोज स्वयंपाकाला तांदूळ काढले की एक मूठ बाजूला ठेवतो. गुरुवारी सगळ्या बाया त्या मुठी मंडळाच्या पत्र्याच्या डब्यात ओततात. कोणाचे रेशनचे, कोणाचे कोलम, कोणाची नुसती कणी. एकदा डब्यात पडले की कोणाचे कोणते ते कळत नाही, आणि कोणी विचारायचेही नाही. तो तांदूळ विकून पैसा जमतो आणि गरजवंताला जातो. त्या पैशाचा एक नियम आहे. डब्यातून निघालेला पैसा ज्याच्यासाठी निघाला त्याच्या हातात पडावा, नाहीतर अर्पणाच्या ताटात पडावा. तो तसाच परत घरी आणायचा नाही. हा नियम ताराबाईंनी घातला. डबाही त्यांनीच सुरू केला.

ताराबाई म्हणजे माझी धाकटी बहीण शालू, तिची सासू. पण त्याआधी त्या आमच्या रविवारच्या शाळेच्या बाई. चौथीनंतर मी जे काही वाचते ते त्यांच्यामुळे. त्यांचा मुलगा विजय भोपाळच्या एका मोठ्या कारखान्यात टेक्निशियन आहे. शालूचे आणि त्याचे लग्न मीच जमवले. चार वर्षांपूर्वी ताराबाई त्यांच्याकडे कायमच्या राहायला गेल्या. तिथे त्यांना ऐकू येईनासे झाले. हे कळल्यावर मंडळाने ठरवले की डब्यातून त्यांना कानाचे मशीन घेऊन द्यायचे. सहा हजार दोनशे रुपये जमले.

पैसे नेऊन द्यायला मला निवडले, कारण शालू मला कधीची बोलावत होती. तिकडे एक दीदी आहेत, त्यांच्या प्रार्थनेने घरातले वादळ थांबते, तुझी झोप परत येईल, असे ती म्हणायची. आमचे हे जाऊन दोन वर्षे झाली होती आणि तेव्हापासून मला धड झोप नव्हती. रात्रभर कूस बदलायची आणि पहाटे उठून दोनशे पोळ्या लाटायच्या. म्हणून मी निघाले. पैसे रुमालात बांधून पोलक्यात ठेवले आणि पिशवीत ताराबाईंसाठी तीन किलो मुठीचा तांदूळ घेतला. त्यांना घेऊन यायचे माझ्या मनातही नव्हते. तेवढे मोठे मन माझे नाही.

वैजापूरहून एसटीने मनमाड आणि तिथून सकाळची गाडी. खिडकीची जागा मिळाली, पण मन थाऱ्यावर नव्हते. दर स्टेशनावर रुमाल चाचपून बघत होते. समोरच्या बाईला वाटले माझ्या छातीत दुखते आहे. तिने ओवा दिला. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून ओवा खाल्ला. भुसावळला केळी घेतली. बऱ्हाणपूर गेल्यावर फलाटावरच्या आरोळ्या हिंदी झाल्या. इटारसीला पुरी-भाजी खाल्ली आणि त्यानंतर नर्मदेचा पूल आला. डब्यातले लोक उठून पाण्यात नाणी टाकू लागले. खाली पाणी इतके शांत होते की नाणे कुठे पडले ते कळतही नव्हते. पुढे डोंगर, सागाचे जंगल, मग बोगदा. बोगद्यात मी पुन्हा रुमाल चाचपला.

उतरताना चूक झाली. मुख्य भोपाळच्या आधी दुसरे मोठे स्टेशन लागते, काचेचे, चकचकीत. कोणी तरी म्हणाले, भोपाल आ गया, आणि मी उतरले. विजय पुढच्या स्टेशनावर उभा. सरकत्या जिन्यापाशी मी पंधरा मिनिटे नुसती उभी होते, कारण त्याच्यावर पाय कसा ठेवायचा ते मला येईना आणि विचारायची लाज वाटे. शेवटी झाडलोट करणाऱ्या एका बाईने माझ्या हातातली नंबराची चिठ्ठी घेऊन विजयला फोन लावला आणि मला साध्या जिन्याने खाली सोडले. म्हणाली, "पहली बार मैं भी रोई थी इस पर."

शालूचे घर अयोध्या नगरात आहे. नवी घरे, अर्धी बांधलेली, रस्त्यावर वाळूचे ढीग. शालू गळ्यात पडली. तिची बारा वर्षांची अनू पाया पडली आणि म्हणाली, "मावशी, तुमची ट्रेन लेट नव्हती ना? पापा तर केव्हाचे निकलले होते." मी ताराबाई कुठे आहेत म्हणून विचारले. शालू म्हणाली, त्या नागपूरला भाचीकडे गेल्यात, दोन-तीन महिने राहतील. ती हे म्हणाली तेव्हा विजय बूट काढत होता. बुटाची नाडी सुटायला त्याला बराच वेळ लागला. हे मला आता आठवते. तेव्हा मी एवढाच विचार केला, की आता या पैशांचे काय करायचे.

रात्री जेवताना शालूने अनूचे सांगितले. पोरीला गेल्या वर्षी झटके येऊ लागले होते. शाळेत, जिन्यात, एकदा गॅसपाशी. आता पाच महिन्यांत एकदाही नाही. "दीदींमुळे," शालू म्हणाली आणि अनूच्या केसांवरून हात फिरवला. तिचा चेहरा इतका उजळला होता की मलाही आशा वाटली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी पोहे-जिलबी झाली. पोह्यांवर शेव आणि बरोबर जिलबी, इकडे तेच खातात. संध्याकाळी जवळच्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सभा होती. चाळीसेक माणसे. प्रत्येकाने पाण्याची बाटली आणि डबा आपापला आणला होता आणि जो तो आपल्याच डब्यातले खात होता. आमच्या प्रीतिभोजनाला सगळे डबे एका पातेल्यात ओततात, वांग्यात वरण जाते. मला वाटले, शहरातली स्वच्छता असेल.

दीदी पन्नाशीच्या, साधी सुती साडी नेसलेल्या. माझे गुडघे दुखतात हे ओळखून त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली आणि आपण खाली बसल्या. खूप हळू बोलतात. त्यांनी वादळात सापडलेल्या तारवाची गोष्ट सांगितली. देवापासून पळून चाललेला संदेष्टा त्या तारवात झोपलेला असतो. त्याच्यामुळे वादळ येते. खलाशी त्याला समुद्रात टाकतात आणि समुद्र शांत होतो. दीदी म्हणाल्या, प्रत्येक घर म्हणजे एक तारू आहे. तुमच्या घरात आजार आहे, झोप नाही, तर त्या तारवात कोणी तरी ओझे आहे. ते ओझे ओळखा आणि प्रेमाने बाहेर ठेवा. मग त्या माझ्याजवळ आल्या, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बहन, तुम किसी और का बोझ उठाए फिर रही हो. अब छोड़ दो."

मी रडले. दोन वर्षांत रडले नव्हते तेवढे रडले. मला वाटले त्या माझ्या दुःखाबद्दल बोलत आहेत. अंग हलके झाले. तेवढ्यात अर्पणाचे ताट आले. ताराबाई नागपूरला, माझा मुक्काम चार दिवसांचा, आणि मुठीचा पैसा परत न्यायचा नाही. मी रुमाल सोडला आणि सहा हजार दोनशे रुपये ताटात ठेवले. त्या रात्री मला गाढ झोप लागली. हे खरे आहे, म्हणून लिहिले पाहिजे.

शनिवारी सकाळी शालू कुकर लावणार होती. मी म्हटले, आज मुठीचा भात करू. मुठीचा भात ओळखू येतो. तांदूळ वेगवेगळे असल्याने अर्धी शिते मऊ होतात आणि अर्धी दाताखाली कचकचतात. अनूने पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबली.

"ये तो आजीवाले चावल हैं. मावशी, थोडा आजीच्या डब्यात पण द्या ना. उद्या पापा नेतील."

शालूचा हात वरणाच्या पळीवर थांबला. विजय ताटाकडे बघत राहिला.

मग सगळे उघड झाले. ताराबाई नागपूरला नव्हत्या. त्या भोपाळातच, जवाहर चौकाजवळ एका भाड्याच्या खोलीत पाच महिने एकट्या राहत होत्या. विजय दर रविवारी डबा पोहोचवत होता आणि खोलीत न जाता परत येत होता, कारण ओझ्याच्या सावलीत बसायचे नाही असे दीदींनी सांगितलेले होते. ताराबाई सभेत आमेन म्हणत नसत. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत तेव्हा त्या डोळे उघडे ठेवून इकडेतिकडे बघत आणि हसत. त्यावरून दीदींनी ओळखले, की घरातले ओझे त्याच.

मी म्हटले, "शालू, त्यांना ऐकू येत नाही."

"मला माहीत नाही का?" शालू म्हणाली. "पण तू पाहिलंस का ताई, पोरगी दातखीळ बसून फरशीवर पडलेली? मी पाहिलंय. अकरा वेळा. आई गेल्यापासून एकदाही नाही."

"डॉक्टरांचं औषध?"

"गोळ्या त्याच महिन्यात बदलल्या," ती म्हणाली, आणि मीच काही बोलल्यासारखी माझ्याकडे रागाने बघून आत गेली.

रविवारी विजय मला स्कूटरवर घेऊन निघाला. जवाहर चौक जवळ आला तशी त्याने स्कूटर वळवली. म्हणाला, "ताई, तळं बघायचंय?" मोठे तळे खरोखर समुद्रासारखे आहे, पलीकडचा काठ धूसर दिसतो. पण मला ते कुठे बघवत होते. त्याला तिकडे जायचा उशीर हवा होता एवढेच. आम्ही टपरीवर चहा घेतला. इथे चहात चिमूटभर मीठ घालतात, सुलेमानी म्हणतात. विजय ग्लास फिरवत म्हणाला, दीदी वाईट बाई नाहीत. अनू दवाखान्यात होती तेव्हा तीन दिवस त्या बाकड्यावर बसून होत्या, आमचे कोणी नातेवाईक आले नव्हते.  त्या नातेवाइकांत मीही होते.

जवाहर चौकात दुकानांच्या मागे एका बोळात इस्त्रीवाल्या कमलाबाईची टपरी आहे. तिच्या मागची खोली ताराबाईंची. विजयला बघून कमलाबाई इस्त्री न थांबवता म्हणाली, "आ गए डाकिया बाबू? पार्सल रखो और भागो." मग माझ्याकडे वळली. मी कोण ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "अम्मा बहरी हैं, बस. मेरी तो गाय भी बहरी थी, दूध बराबर देती थी."

विजय बोळाच्या तोंडाशी थांबला. मी आत गेले. ताराबाई खाटेवर बसून लोकांच्या शर्टांच्या घड्या घालत होत्या. बसून खायला आवडत नाही म्हणून कमलाबाईचे काम त्यांनी मागून घेतले होते. वाळल्या होत्या, पण घडी तीच, कोपऱ्याला कोपरा. मला बघून मोठ्याने म्हणाल्या, "आलीस होय? किती गं म्हातारी झालीस."

त्यांच्याशी बोलायचे तर लिहावे लागते. कमलाबाईने शर्टात घालायचे पुठ्ठे आणि पेन्सिल दिली. मी लिहिले, तुम्हि घरी चला. त्यांनी पेन्सिल घेऊन आधी म्ही दीर्घ केली, मग म्हणाल्या, "शालूनं नाही काढलं मला. मीच म्हटलं. माझ्यामुळं पोरीला होत असेल तर ठेवा मला कुठंतरी. त्या गोष्टीतला संदेष्टा तरी काय म्हणाला? मलाच टाका म्हणाला."

 हीच गोष्ट त्या रविवारच्या शाळेत आमच्याकडून करवून घ्यायच्या. देवळातली सतरंजी म्हणजे तारू. एक मुलगा संदेष्टा. शालूला नेहमी मासा व्हायचे असे. मला बोलायचा भाग दिला की मी रडायचे, म्हणून मी दरवर्षी खलाशी. केरसुणी घेऊन सतरंजीच्या कडेला बसायचे आणि ताराबाई थांब म्हणेपर्यंत वल्हवायचे. माझे हात भरून यायचे आणि त्या लवकर थांब म्हणायच्या नाहीत.

मी पुठ्ठ्यावर एकच शब्द लिहिला. खलाशी.

त्या हसल्या. "तू कायमची खलाशी. केरसुणीचे हीर काढून टाकायचीस सगळे." मग हसू ओसरले. बराच वेळ त्यांनी तो पुठ्ठा हातात धरला. "मारली होती खरी त्यांनी वल्ही," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "तो टाका म्हणाला तरी. आधी किनाऱ्याला न्यायला बघितलं त्याला. परके होते, तरी."

नंतर मी पैशांचे लिहिले. ते लिहायला दोन पुठ्ठे लागले. त्यांनी दोनदा वाचले.

"ताटात घातलेस?"

मी मान हलवली.

"नियम माझाच आहे. पण आधी हात, मग ताट. तू हात शोधलाच नाहीस."

त्या रागावल्या नव्हत्या. पाढा चुकला तर सांगायच्या तसे सांगितले. पण मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

सोमवारी मी एकटीने तीन मजले चढून दीदींकडे गेले. पैसे परत मागायचे वाक्य जिन्यात दहा वेळा म्हटले होते. त्या भांडी घासत होत्या. हात पुसून त्यांनी चहा केला, मला कागदी पेल्यात दिला, स्वतः कपात घेतला. माझे वाक्य अर्धवटच बाहेर पडले, पण त्यांना समजले. त्या म्हणाल्या, तो पैसा उरलेला नाही. ज्यांना घरांनी बाहेर ठेवले आहे त्यांच्या खोल्यांचे भाडे सभा भरते, परवाच सगळे भरले. "तुम्हारी अम्मा का भी," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. असती तर मला सोपे गेले असते.

म्हणजे ज्या पैशाने ताराबाईंना ऐकू यायचे होते तो त्यांना घराबाहेर ठेवण्यात गेला, आणि तो मीच दिला.

मला हिंदी येत नाही आणि बोलायची भीती वाटते. तरी मी उठता उठता वल्ह्यांची आठवण दिली, "दीदी, नाववालों ने पहले चप्पू चलाया था."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितले. "चलाया था," त्या म्हणाल्या. "फिर भी समंदर नहीं माना."

  मी जिना उतरू लागले तेव्हा वरून त्यांचा आवाज आला, "घुटने सँभालकर."

त्या संध्याकाळी मी शालूला म्हटले की आईंना घरी आण. ती म्हणाली, आणि झटका आला तर? मी म्हटले, तर दवाखान्यात नेऊ. ती नुसती मान हलवत राहिली. ती दुष्ट नाही. ती घाबरलेली आहे आणि तिच्या भीतीला कोणी तरी शास्त्राचा आधार दिला आहे. मी तिच्या जागी असते तर काय केले असते, हे मला नक्की सांगता येत नाही. मग माझ्याच तोंडून निघाले, "मग मी नेते त्यांना."

"आणि तुझ्यावर काही आलं तर?"

"आलं तर आलं."

म्हटले खरे. माझी एक खोली, वसतिगृहाचा पगार, दुखरे गुडघे. रात्री शालूच्या घरी पडल्या पडल्या मी मनातून हिशेब करत होते की नाही म्हणायला अजून वेळ आहे का. परत आलेली झोप पुन्हा गेली.

मंगळवारी विजय पहिल्यांदा खोलीच्या आत गेला. आईची वळकटी त्याने बांधली. कमलाबाईने दोन पुठ्ठे आणि पेन्सिल ताराबाईंच्या पिशवीत घातली आणि विजयला म्हणाली, "आज तो डाकिया पूरा घर उठाके ले गया." तो हसला आणि लगेच तोंड फिरवून उभा राहिला.

शालू स्टेशनावर आली, पण खांबापाशी लांब उभी राहिली. अनूने धावत जाऊन आजीचा हात धरला, तेव्हा शालूचा एक पाय पुढे आला आणि थांबला. गाडीने शिट्टी दिली तशी ती एकदम आली, डबा माझ्या हातात कोंबला, आणि खिडकीतून ताराबाईंच्या कानाशी तोंड नेऊन काही तरी बोलली. बराच वेळ बोलली. ताराबाईंना ऐकू आले नाही. मीही विचारले नाही. त्यांनी फक्त तिच्या गालावर हात ठेवला.

नर्मदा आली तेव्हा लोक पुन्हा नाणी टाकू लागले. ताराबाई माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "आपल्याकडं टाकायला काय शिल्लक नाही बाई." सगळा डबा हसला. मला घाम फुटला, पण मीही हसले. शालूच्या डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी होती. आम्ही दोघींनी एकाच झाकणात खाल्ले.

घरी आल्यावर मी मंडळाच्या खजिनदार लीलाबाईंना एकांतात सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, चूक झाली, देवाघरचे पैसे, सोडून देऊ. मला ते चालणार नव्हते. ताराबाईंनाही नाही. त्या म्हणाल्या, "तिला देऊ दे. नाहीतर ती जन्मभर चाचपत बसेल." मग मी संध्याकाळी बँकेतल्या दोन साहेबांना आणि एका मास्तरांना पोळ्या करून देऊ लागले. महिन्याला सातशे-आठशे सुटत.

दुसऱ्या महिन्यात माझा गुडघा सुजला आणि त्याच आठवड्यात गरम वरण पायावर सांडले. मलम लावत असताना मनात आले, ह्या आल्यापासूनच हे सुरू झाले. मी दचकून ताराबाईंकडे पाहिले. त्या उजेडाला बसून मुठीच्या तांदळातले खडे वेचत होत्या. दीदींची शिकवण खोटी हे तुला कसे कळले, असे पाळकबाईंनी मला विचारले होते. तेव्हा सांगता आले नाही, आता लिहिते. ती ऐकल्यापासून मी दुखले-खुपले की माणूस शोधायला लागले. ज्या प्रभूने आमचे ओझे स्वतः उचलले त्याच्या नावाने कोणी मला दुसऱ्याला ओझे म्हणायला शिकवत असेल, तर बोलणे कितीही गोड असो, ते प्रभूचे नाही. एवढे मला कळते. तरी तो विचार अजून मधूनच येतो. आला की मी उठून ताराबाईंना चहा करून देते.

जून महिन्यात शालूचा फोन आला. अनूला पुन्हा झटका आला होता. ती रडत नव्हती, आवाज कोरडा होता.

"आई तर तुझ्याकडे आहेत ना?"

"हो. इथंच आहेत."

"दीदी म्हणतात, दुसरं कोणी असेल." मग म्हणाली, "ताई, घरात आता तिघंच उरलोय."

त्यानंतरच्या शुक्रवारी ती सभेला गेली नाही. पुढच्याही नाही. अनूला मोठ्या डॉक्टरांकडे नेले. गोळ्या नेमाने चालू आहेत. आता शालू दर रविवारी फोन करते आणि म्हणते, आईंना दे. मी फोन त्यांच्या कानाला लावते. त्यांना काही ऐकू येत नाही. त्या इकडून तुझी भाजी चांगली होती वगैरे काहीतरी बोलतात आणि तिकडून शालू रडते. मला मध्ये पडून सांगता आले असते, पण शालू म्हणाली, नको, मला त्यांनाच सांगायचंय.

मशीनला पैसे पूर्ण व्हायचे होते. म्हणून मी पोळ्यांची आणखी एक ऑर्डर धरली.

काल गुरुवार होता. मंडळ सुटल्यावर मी लीलाबाईंसमोर शेवटचे दोनशे रुपये ठेवले. त्यांनी चष्मा लावून वहीतल्या आठ महिन्यांच्या रकमा बोटाने जुळवल्या. सहा हजार दोनशे. त्यांनी सगळे पैसे रुमालात बांधले, आणि या वेळी रुमाल माझ्याकडे न देता ताराबाईंच्या हातात ठेवला. शनिवारी आम्ही दोघी संभाजीनगरला मशीन आणायला जाणार आहोत.

ताराबाईंनी रुमाल मुठीत धरला आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मला विचारले, "फिटले का गं सगळे?"

मी पुठ्ठा घेतला नाही. सगळ्यांसमोर उभी राहिले आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "फिटले."